चारी दिशांनी छूची गाणी

चिनी बुद्धिबळाच्या पटावर मधोमध एक मोकळा पट्टा असतो. ती नदी. हत्तीला ती ओलांडता येत नाही. प्यादे पलीकडे गेले की आडवेही सरकते, पण माघारी कधीच येत नाही. त्या पट्ट्यावर बहुधा चार अक्षरे छापलेली असतात : 'छूची नदी, हानची सीमा'. इ.स.पू. 203 मध्ये छूचा श्यांग यू आणि हानचा ल्यू बांग या दोघांनी एका कालव्याला हद्द मानून देश वाटून घेतला होता. तह लवकरच मोडला, पण ती हद्द पटावर राहिली.

चिनी भाषेत 'छंग-यू' नावाचे, बहुतेक चार अक्षरी, वाक्प्रचार हजारोंनी आहेत आणि त्यांतले कितीतरी रणांगणावरून आलेले आहेत. त्यांत जिंकलेल्यांचेही आहेत. हान शिन या सेनापतीने इ.स.पू. 204 च्या सुमारास नदीकडे पाठ करून फौज उभी केली आणि लढाई मारली. शेवटच्या निर्णायक सामन्याची बातमी देताना चिनी क्रीडा पत्रकार आजही 'नदीकडे पाठ' याच शब्दांकडे वळतात. तरीही भाषेत खोल रुतले आहेत ते हरलेलेच. त्यांची भूक, त्यांची घबराट, त्यांची घराची ओढ.

श्यांग यूचेच पाहा. इ.स.पू. 207 मध्ये जूलूच्या लढाईसाठी जांग नदी ओलांडल्यावर त्याने नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली आणि सैनिकांना फक्त तीन दिवसांची शिदोरी दिली. 'पो-फू-छन-जोऊ', म्हणजे भांडी फोडा, नावा बुडवा. सिंहगडावरचे परतीचे दोर ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ती लढाई श्यांग यूने जिंकली.

पाच वर्षांनी गायश्या येथे तोच वेढ्यात सापडला. अन्न संपत आले होते. रात्री चारी बाजूंच्या हान छावण्यांतून त्याच्याच मुलखाची, छूची, गाणी ऐकू येऊ लागली. आपला सगळा प्रदेश शत्रूच्या हाती गेला की काय, नाहीतर एवढी छूची माणसे तिकडे कुठून आली, असे त्याला वाटले. त्याने मद्य मागवले. उपपत्नी यू आणि आवडता घोडा यांच्याकडे पाहून तो स्वतः गायला आणि रडला. वेढा फोडून तो निसटला, पण वू नदीच्या काठी त्याने स्वतःचा जीव घेतला. सीमा छ्यान या इतिहासकाराने हा प्रसंग लिहिला, पुढे ऑपेराने तो घरोघरी नेला. आज चहूकडून कोंडी झालेल्या माणसाविषयी, कंपनीविषयी, पक्षाविषयी बोलताना चार अक्षरे पुरतात : 'चारी दिशांनी छूची गाणी'.

भीतीचे शब्द फेई नदीकाठच्या लढाईने दिले. साल 383. उत्तरेचा सम्राट फू ज्यान प्रचंड फौज घेऊन दक्षिणेवर चालून गेला होता. तटावरून समोरचा डोंगर न्याहाळताना त्याला गवत आणि झाडेसुद्धा शत्रूचे सैनिक भासली. पुढे पळ काढताना त्याच्या शिपायांना वाऱ्याची सळसळ आणि क्रौंच पक्ष्यांची ओरड ऐकूनही पाठलाग होतोय असे वाटे. या एका पराभवाने भाषेला दोन वाक्प्रचार दिले, आणि दोन्ही अजून रोजच्या वापरात आहेत.

सरकारी भाषेचा सूर वेगळा असतो. माओने 1938 साली येनानमध्ये 'दीर्घकालीन युद्धा'वर व्याख्याने दिली, तर 2020 मध्ये शी जिनपिंग यांनी साथीविरुद्ध 'लोकयुद्ध' पुकारले. त्या शब्दांत शेवटी विजय गृहीतच असतो. जुन्या वाक्प्रचारांत तो नसतो, म्हणूनच माणसे आपल्या अडचणी सांगायला त्यांच्याकडे जातात.

सगळ्यांत कडू वाक्प्रचार 'कागदावरचे युद्ध'. जाओ राज्याचा तरुण जाओ कुओ युद्धशास्त्रावर बोलू लागला की नामांकित सेनापती असलेल्या त्याच्या वडिलांनाही हरवी. वडील मात्र धास्तावले होते; जिवावरचा विषय हा पोर फार हलक्याने घेतो, असे ते म्हणत. इ.स.पू. 260 मध्ये छांगपिंगच्या आघाडीवर राजाने अनुभवी लियान फोला हटवून याला धाडायचे ठरवले, तेव्हा आई स्वतः राजाकडे गेली. नेमणूक रद्द करा म्हणाली. राजा ऐकेना, तेव्हा तिने निदान पराभवाची शिक्षा आपल्याला होणार नाही, एवढे वचन घेतले.

शत्रू असलेल्या छिन राज्याचा सेनापती बाय छी याने त्याला वेढले. सेहेचाळीस दिवस अन्न नव्हते. शिपाई एकमेकांना मारून खाऊ लागले, असे सीमा छ्यान लिहितो. वेढा फोडताना जाओ कुओ बाणांनी पडला. शरण आलेल्यांची कत्तल झाली. मृतांचा जुना आकडा चार लाखांच्या वर जातो, त्यावर इतिहासकारांना शंका आहे. सर्वांत कोवळी 240 मुले बातमी सांगायला घरी पाठवली गेली. त्या काळी लिखाण बांबूच्या पट्ट्यांवर होई, कागद अजून यायचा होता. 'कागद' वाक्प्रचारात नंतरच्या पिढ्यांनी आणला.

ही युद्धभूमी आज शान्शी प्रांतातल्या गाओपिंग परिसरात येते. 1995 साली तिथल्या योंगलू गावात मानवी हाडांनी भरलेला खड्डा उत्खननात निघाला. गाओपिंगच्या बाजारात भाजलेले टोफू वाफाळत्या पाण्यातून काढून लसूण आणि सोयाचोथ्याच्या चटणीबरोबर देतात. टोफू म्हणजे बाय छीचे मांस आणि चटणी म्हणजे त्याचा मेंदू, असे तिथले लोक सांगतात. त्या पदार्थाचे नावच 'बाय छीचे मांस' आहे.