पै-पैचा हिशेब

पेनीची 100 नाणी मोजली की एक पौंड होतो आणि त्या पिशवीचं वजन भरतं 356 ग्रॅम. कुठलं नाणं किती भरायचं ते बँकेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर छापलेलंच असतं. पौंडाची नाणी 20 पौंडांची, 50 आणि 20 पेनीची 10 पौंडांची, 10 आणि 5 पेनीची 5 पौंडांची, 2 आणि 1 पेनीची मात्र एकाच पौंडाची. एका पिशवीत दोन प्रकारची नाणी चालत नाहीत. बँकेत पिशवी काट्यावर ठेवतात. एक नाणं कमी असलं तरी तिथेच कळतं. तासभर नाणी मोजायचं काम केलं की मान अवघडते आणि बोटांना धातूचा वास लागतो.

हे मोजकाम मी केलं तेव्हा वेल्समधल्या कार्डिफला राहत होते. जवळच्या डोंगरखोऱ्यातल्या सेंगहेनिध या गावात खाण दुर्घटनेची शताब्दी जवळ येत होती आणि स्मारकासाठी लोकवर्गणी चालली होती. त्या कामाला मीही थोडा हातभार लावला.

14 ऑक्टोबर 1913. सकाळी आठच्या सुमारास इथल्या युनिव्हर्सल कोळसा खाणीत ज्वालाग्राही वायूनं पेट घेतला. त्या धक्क्यानं कोळशाची भुकटी उडाली, तीही पेटली आणि आग बोगद्यांतून पसरत गेली. मागे उरलेल्या विषारी वायूनं आणखी बळी घेतले. 439 कामगार आणि त्यांना सोडवायला गेलेला एक जण, असे 440 जीव गेले. त्यातले आठ जण अवघे चौदा वर्षांचे होते. 205 बायका विधवा झाल्या, 542 मुलांचे वडील गेले. याच खाणीत 1901 सालीही स्फोट होऊन 80हून अधिक माणसं मेली होती. 1913च्या स्फोटाच्या चौकशीत सुरक्षेचे नियम मोडल्याचं सिद्ध झालं. व्यवस्थापकाला दंड झाला 24 पौंड. माणशी हिशेब केला तर एका जिवाचे सुमारे एक शिलिंग आणि सव्वा पेनी. हा आकडा त्या खोऱ्यात आजही सांगितला जातो.

म्हणूनच इथे वर्गणीतली एकेक पेनी इतक्या जपून मोजली जाते, असं मला वाटतं. आपल्याकडे गणपतीची वर्गणी पावतीपुस्तक घेऊन घरोघरी मागतात. इथे मोहोरबंद बादली घेऊन एका जागी उभं राहायचं. रस्त्यावर वर्गणी गोळा करायला नगरपालिकेचा परवाना लागतो. प्रत्येक बादलीला क्रमांक असतो. कुणाच्या मागे लागायचं नाही. बादली एकट्यानं उघडायची नाही, दोघांनी समोरासमोर बसून उघडायची, रक्कम लिहून दोघांनी सह्या करायच्या. पुढे जमाखर्च नगरपालिकेला सादर करायचा. कर भरणाऱ्या देणगीदारानं अर्जावर सही केली, तर सरकार पौंडामागे 25 पेनी संस्थेला देतं. म्हणून अर्जांचा गठ्ठाही हाताशी ठेवायचा.

देणाऱ्यांची रीत वेगळीच. नोट टाकणारे थांबत नसत. साठवलेली चिल्लर घेऊन येणारी म्हातारी माणसं मात्र थांबत आणि विचारत, ‘आमच्या आजोबांच्या भावाचं नाव असेल ना?’ नाव सांगत, घराचा पत्ता सांगत. पैसे त्यानंतर बादलीत पडत.

एबर व्हॅली हेरिटेज ग्रुप ही स्थानिक संस्था आणि तिचे आश्रयदाते, निवेदक रॉय नोबल यांनी निधी उभा केला. वेल्सच्या सरकारनं जोडीला आपली रक्कम घातली. शताब्दीच्या दिवशी, 14 ऑक्टोबर 2013ला, स्मारकाचं अनावरण झालं. लेस जॉन्सन यांचं शिल्प आहे: वाचलेल्या कामगाराला आधार देणारा बचावकर्मी. भोवती भिंतीची बाग, तिथल्या फरशांवर दोन्ही स्फोटांतल्या मृतांची आठवण आणि वाटेवर वेल्समधल्या इतर खाण दुर्घटनांच्या नोंदी.

काही मैलांवरच्या अ‍ॅबरफॅननं या हिशेबाचं मोल वेगळ्या तऱ्हेनं शिकवलं. 21 ऑक्टोबर 1966ला तिथे खाणकचऱ्याचा डोंगर शाळेवर कोसळला. 116 मुलं आणि 28 मोठी माणसं गेली. जगभरातून मदतनिधीत सुमारे साडेसतरा लाख पौंड आले. उरलेले कचऱ्याचे डोंगर हलवायला सरकारनं याच निधीतून दीड लाख पौंड घेतले. ज्या कचऱ्यानं मुलं मारली, तो उचलण्याचा खर्च मुलांच्या नावानं आलेल्या पैशातून झाला. 1997 साली ती रक्कम परत मिळाली, तीही बिनव्याजी. 2007 मध्ये वेल्सच्या सरकारनं आणखी वीस लाख पौंड दिले, तेव्हा कुठे झालेल्या अन्यायाची भरपाई झाली.

म्हणून स्मारक एका धनिकाच्या धनादेशावर उभं राहू नये, असं मी आग्रहानं म्हणेन. वर्गणी देणारा माणूस पैशाबरोबर हिशेब विचारायचा हक्कही मिळवतो. अ‍ॅबरफॅनचा पैसा परत आला, कारण तो कुणाचा होता हे तीस वर्षं कुणी विसरलं नाही.