दोनदा जेवायचं, पण कधी?

लातूरने महाराष्ट्राला तूरडाळ दिली, बारावीचा ‘पॅटर्न’ दिला आणि गेल्या काही वर्षांत दोन वेळच्या जेवणाचाही पॅटर्न दिला. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली कल्पना त्यांनी आधी स्वतःवर वापरून पाहिली आणि मग व्याख्यानं देत गावोगाव पोचवली. दिवसातून ज्या दोन वेळा कडकडून भूक लागते त्या ओळखा, त्याच वेळी जेवा आणि जेवण ५५ मिनिटांत संपवा. मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा चालतो. जोडीला ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं.

यामागचं कारण इन्सुलिन. आपण काही खाल्लं, विशेषतः साखर-पिठाचं, की रक्तातलं इन्सुलिन वाढतं, आणि ते वाढलेलं असेपर्यंत शरीर साठवलेली चरबी फारशी वापरत नाही. दिवसभर तोंड चालू ठेवलं तर चरबीला हात लागायची वेळच येत नाही. आता, ५५ मिनिटांची मुदत म्हणजे ५५ मिनिटं खात बसायची परवानगी, असा सोयीस्कर अर्थ काढणारेही आहेत. त्यांचं वजन का उतरत नाही, हे विचारायला डॉक्टर लागत नाही.

जगभर याच्याच जवळचा एक प्रकार ‘सोळा-आठ’ म्हणून ओळखला जातो: सोळा तास उपाशी, आठ तासांत खाणं. त्यावरचे अभ्यास जरा जमिनीवर आणणारे आहेत. २०२० साली अमेरिकेत ११६ जणांवर झालेल्या चाचणीत दुपारी बारा ते रात्री आठ या वेळात खाणाऱ्यांचं वजन तीन वेळा खाणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी झालं नाही. २०२२ साली चीनमधल्या १३९ जणांच्या चाचणीतही, दोन्ही गटांनी सारख्याच कॅलरी कमी केल्यावर, घड्याळाचा वेगळा असा फायदा दिसला नाही. म्हणजे घड्याळात जादू नाही. घड्याळामुळे अधलंमधलं खाणं सुटतं आणि खाणं आपोआप आटोक्यात येतं, एवढाच त्याचा उपयोग. मग वेळ दुसऱ्याची कशाला उचलायची? आपल्या दिवसात बसेल तीच निवडावी. फक्त रात्रीचं जेवण जितकं अलीकडे येईल तितकं बरं, कारण संध्याकाळनंतर शरीर साखर तितकी चांगली हाताळत नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. सकाळी कामाला लागायचं, दहा-अकराला बांधावर भाकर सोडायची, दिवस मावळला की घरी पिठलं-भाकरी. लातूरचे जैन व्यापारी तर सूर्यास्तानंतर जेवतच नाहीत. अडचण सुरू होते ती चहापाशी. नांदेडच्या मोंढ्यात सौदा ठरला की चहा, पट्टी फाडली की चहा, ओळखीचं कुणी दिसलं की चहा. दर वेळी दूध आणि साखर. तिथे ‘माझं डाएट चालू आहे’ म्हटलं की आग्रह दुप्पट होतो. ‘साखर नगं, शुगर हाय’ म्हटलं की समोरचा गप्प कोरा चहा सांगतो. खोटं बोला असं मी म्हणणार नाही, पण उपाय चालतो.

दुसरी अडचण स्वयंपाकघरात. डबे करायला पाचला उठलेली बाई साडेदहापर्यंत चाखत, उरलेलं संपवत तीनदा खाऊन मोकळी झालेली असते, आणि रात्री मालिका संपेपर्यंत घरच्यांची वाट बघते. तिला बारा आणि आठची वेळ सांगून उपयोग नाही. डबे गेले की ताट वाढून घेऊन बसायचं, आणि संध्याकाळी सातला सगळ्यांच्या आधी जेवायचं. हे दुसरं कुठल्याही पथ्यापेक्षा अवघड आहे. कारण ते पथ्य सासरच्यांनाही पाळावं लागतं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी असेल तर तीच एक जेवण धरायची, जेवणांच्या मधला फराळ नव्हे.

लातूरच्या होस्टेलांवरच्या नीटच्या पोरांनी मात्र यात पडू नये. अठराच्या आतली मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, टाइप-१ मधुमेहाचे आणि किडनीचे रुग्ण यांच्यासाठी हा प्रकार नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण गाळलं तर साखर ७०च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. अशा वेळी साखर लगेच तोंडात टाकायची, नियम नंतर. रमजानच्या आधी रोजेदार मधुमेही डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांचा डोस आणि वेळा सहेरी-इफ्तारप्रमाणे बदलून घेतात. दोन वेळच्या जेवणावर जाणाऱ्यानेही आधी तेच करायचं.

राहता राहिली लग्नसराई. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, अक्षता पडतात दोनला, पंगत बसते अडीचला. अशा दिवशी सकाळचं जेवण सोडून पंगतीतच पहिलं जेवण करावं, जिलेबी त्याच ताटात संपवावी आणि रात्री भूक नसेल तर ताकावर भागवावं. घरी बांधून दिलेला बुंदीचा पुडा दुसऱ्या दिवशी पहिल्या जेवणालाच सोडावा.