जुन्या व्हिडिओ गेमची नवी ओढ
निन्टेंडो कंपनीने 1983 मध्ये जपानमध्ये 'फॅमिकॉम' हा आठ-बिट कन्सोल बाजारात आणला. भारतात 1990च्या दशकात त्याच्या स्वस्त नकला घरोघरी पोहोचल्या. मुले त्यांना 'टीव्ही गेम' आणि कार्ट्रिजला 'कॅसेट' म्हणत. 'मारिओ', 'कॉन्ट्रा' खेळत वाढलेली ती पिढी आज चाळिशीत आहे आणि तेच कन्सोल हौसेने जमवते आहे.

या छंदात तांत्रिक समजही लागते. 'डक हंट' या बदकांवर नेम धरण्याच्या खेळात खेळण्यातल्या बंदुकीचा चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतील प्रकाशसंवेदकाने तो टिपला, तर नेम लागला असे ठरते. सपाट एलसीडी पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते, त्यामुळे ही बंदूक निकामी ठरते. म्हणूनच हौशी मंडळी जुना काचेच्या नळीचा टीव्ही जपतात.

कॅसेट चालली नाही की फुंकर मारण्याची सवय मात्र घातक असते. श्वासातील ओलाव्याने धातूचे संपर्कबिंदू गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने ते पुसून पूर्ण वाळवणे हाच योग्य उपाय आहे.

ही ओढ ओळखून निन्टेंडोने 2016 मध्ये 30 खेळांचा छोटा कन्सोल आणला. त्यामुळे पालकांना आपले आवडते खेळ मुलांसोबत नव्या टीव्हीवरही खेळता येऊ लागले.