गिअर पडत नाही म्हणजे गिअरबॉक्स गेला?

डिलाईल रोडवर रविवारी सकाळी जुनी येझदी बाहेर काढा, सल्ल्यांचा तुटवडा पडणार नाही. पहिला गिअर टाकताना ‘खर्र’ झालं की टपरीवरून निदान ठरलेलं: गिअरबॉक्स गेला, इंजिन खोला. एका बाजूला लोअर परळचं रेल्वे वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला गिरण्यांत आयुष्य काढलेल्या फिटरांच्या चाळी. यंत्राबद्दल मत असणं इथे वारसाहक्कानेच येतं. त्यातली बरीच मतं बरोबरही असतात. फक्त गिअरच्या बाबतीत मंडळी आतून बाहेर येतात आणि शोध घ्यायचा असतो बाहेरून आत.

आधी एक छोटा गैरसमज बाजूला सारू. “ही शहरातली गाडी, मातीत न्यायची नाही.” खास मातीसाठी बनवलेल्या गाड्या पूर्वी आपल्याकडे फारशा मिळतच नव्हत्या. त्यामुळे सायलेन्सर वर उचलून, खडबडीत टायर चढवून कर्जत-मुरबाडच्या कच्च्या वाटांवर नेल्या जातात त्या याच जावा, येझदी नाहीतर राजदूत. त्यातल्या म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ ते १९९६ या काळात निघालेल्या जावा-येझदीचं मूळ चेकोस्लोव्हाकियातलं. तिथल्याच सीझेड गाडीवर बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४ मध्ये २५० सीसीचा मोटोक्रॉस विश्वविजेता झाला, तर पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षं ५०० सीसीचं विजेतेपद मिळवलं. शर्यतीची ती गाडी आणि आपली येझदी एक नव्हेत, पण मातीचं या घराण्याला वावडं नाही.

आता मुद्द्याचं. “बंद गाडीत वरचे गिअर पडत नाहीत, म्हणजे आत काहीतरी तुटलंय.” जुनी गाडी विकत घेताना हे हमखास ऐकू येतं. वस्तुस्थिती अशी की, या गिअरबॉक्समध्ये गिअरचे दात एकमेकांत कायम गुंतलेलेच असतात. गिअर बदलताना चाकाच्या बाजूचे जाड खुंट (मिस्त्री त्यांना डॉग म्हणतात) शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात. गाडी उभी असेल आणि खुंट खाचेसमोर नसून दोन खाचांमधल्या भिंतीसमोर असेल, तर पायाने कितीही जोर लावा, तो आत जाणार नाही. म्हणून गाडी मेन स्टँडवर घ्या, एका हाताने मागचं चाक हळूहळू फिरवा आणि दुसऱ्या हाताने लीव्हर दाबा. चारही गिअर असे पडले तर आतलं यंत्र बहुतेक ठीक आहे. पैसे मोजण्याआधी एवढी चाचणी करायला कोणी हरकत घेत नाही. घेतलीच, तर गाडी घेऊ नये.

चालू गाडीत गिअर खरडत पडत असेल, तर पहिला संशयित क्लच. येझदीत इथे एक गंमत आहे. तिची किक आणि गिअरची लीव्हर एकच, आणि पायाने लीव्हर हलवली की आतल्या रचनेमुळे क्लचही थोडा सुटतो. म्हणून जुने येझदीवाले हाताने क्लच न दाबताही सफाईने गिअर बदलतात. निदानासाठी ही सोय सोन्यासारखी आहे. एकदा हाताचा क्लच पूर्ण दाबून गिअर बदला, एकदा नुसत्या पायाने. हाताने बदलताना गिअर सहज पडला आणि पायाने बदलताना खरडला, तर दोष गिअरमध्ये नसून पायाच्या क्लचच्या अ‍ॅडजस्टमेंटमध्ये आहे. दोन्ही वेळा खरडला, तर केबलचा ढिलेपणा पाहा. हँडलवरची क्लच लीव्हर दोन-तीन मिलिमीटर मोकळी हलून मग ताण यायला हवा. त्याहून जास्त हलत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. अजिबात हलत नसेल तर तो पूर्ण बसत नाही, सरकतो. दोन्ही आजार उलटे आहेत, तरी दोघांचंही खापर गिअरबॉक्सवरच फुटतं.

क्लच सरकतोय की नाही, हे किकच सांगते. येझदीची किक क्लचमधून इंजिनपर्यंत पोचते. क्लच न दाबता किक मारली आणि पाय खाली गेला, पण इंजिन फिरलं नाही, तर प्लेटा सरकताहेत. याच रचनेमुळे जुन्या लोकांची एक सवय शहाणपणाची ठरते: आठवडाभर उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन-तीन किका मारायच्या. ऑइलने एकमेकींना चिकटलेल्या प्लेटा त्याने सुटतात आणि पहिला गिअर धाडकन पडत नाही. न्यूट्रलमधून पहिल्यात जाताना एकदाच होणारा ‘खट’ हा आवाज मात्र आजार नाही. तो मोठा वाटत असेल तर आयडलिंग कमी करून बघा.

“तापली की गिअर अडकतो, म्हणजे गिअरबॉक्स फुगतो.” डिलाईल पूल जुलै २०१८ पासून पाडकाम आणि बांधकामासाठी बंद होता, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण खुला झाला. त्या काळात लोअर परळच्या कोंडीत जुनी गाडी चालवलेल्यांना हा अनुभव आला असेल. पण तापतात त्या क्लचच्या प्लेटा. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट दाबून गाडी इंच-इंच पुढे सरकवली की त्या तापतात, वाकड्या होतात आणि क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाहीत. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही ते त्यामुळे. थांबायच्या आधी, चाक फिरत असतानाच न्यूट्रल करून टाकावं.

ऑइलबद्दल तर विचारू नका. “टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल टाकतो ना, मग वेगळं कशाला?” पेट्रोलमधलं ऑइल क्रँकला आणि पिस्टनला मिळतं व जळून धुरात जातं. गिअरपर्यंत ते पोचतच नाही. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि त्यातच क्लचही भिजतो. म्हणून उरलेलं कारचं ऑइल इथे ओतू नये. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच सरकू शकतो. ओल्या क्लचसाठीचं जासो एमए हे जपानी मानक १९९८ साली आलं, येझदीचा कारखाना बंद झाल्यावर. त्यामुळे गाडीच्या जुन्या पुस्तकात ते शोधू नका, डब्यावर शोधा. शिवाय धूर वाढलाय आणि गिअरबॉक्समधलं ऑइल घटतंय, असं दोन्ही एकदम दिसलं तर क्रँकचं सील पाहायला सांगा. ते गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं.

मातीत पडलेल्या गाडीची तपासणी आणखी बाहेरून सुरू करावी. लीव्हर वाकून कव्हरला घासतेय का, तिच्या आतल्या खाचा झिजून ती शाफ्टवर नुसती फिरतेय का, हे आधी बघा. गिअर एकदा पडला आणि लीव्हर जागेवर परत आलीच नाही, तर परतीची स्प्रिंग गेली असावी. मागची चेनही पाहा. येझदीत ती डब्यात बंद असते, त्यामुळे सैल झालेली कळत नाही, आणि ती दातांवरून उडी मारते तेव्हा स्वार शपथेवर सांगतो की गिअर सुटला.

खराखुरा गिअर सुटणं वेगळं. चढावर ॲक्सिलरेटर पिळला की दरवेळी तोच गिअर बाहेर येतो, बाकीचे ठणठणीत असतात. तिथे खुंटांच्या कडा गोल झालेल्या असतात किंवा गिअर सरकवणारा फोर्क वाकलेला असतो. गिअरबॉक्सचं ऑइल काढल्यावर त्यात बारीक चमक नव्हे, तर बोटाला टोचणारे तुकडे सापडले, तर इंजिन खोलायला पर्याय नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची हवाबंद पोकळी आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असतात, त्यामुळे केसिंग फोडलं की सील आणि पॅकिंग नवी घालावीच लागतात. झिजलेल्या खुंटांचं चाक बदलताना ज्याच्या खाचांत ते खुंट शिरतात ते शेजारचं चाकही बदला. चोर बाजारात जोडी मिळेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा, कारण गोल झालेल्या खाचा नव्या खुंटांच्या कडाही लवकरच खाऊन टाकतात.