समुद्रावरून येणारी तार

भारतातील तारसेवा 2013 साली बंद झाली. तोपर्यंत शुभेच्छांच्या तारेसाठी एक सोय असे. ठराविक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. पाठविणारा केवळ क्रमांक देई आणि पलीकडच्या कचेरीत त्याचे पूर्ण वाक्य होई. दोन्ही टोकांस एकच कोष्टक असल्यामुळे हे साधे. समुद्रातील बोये उपग्रहामार्फत आपली निरीक्षणे धाडतात, ती याच तत्त्वावर.

अशा बोयांचा भारतीय कार्यक्रम 1996 साली चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत सुरू झाला. अरबी समुद्रात व बंगालच्या उपसागरात नांगरलेले हे बोये वारा, हवेचा दाब, लाटा आणि पाण्याचे तापमान मोजतात. तेथे वीज मिळते ती बॅटरीची व सूर्याची; म्हणून संदेश जितका आटोपशीर, तितका बरा. जगभर वापरल्या गेलेल्या आर्गोस या उपग्रह-व्यवस्थेच्या मूळ पद्धतीत तर एका संदेशात फार तर 256 बिट मावत. बिट म्हणजे 0 किंवा 1 यांपैकी एक अंक.

आता पाण्याचे तापमान 28.43 अंश सेल्सिअस आहे असे समजू. ते अक्षरशः लिहिल्यास दशांशचिन्हासह पाच चिन्हे होतात. प्रत्येकी 8 बिट धरता 40 बिट खर्ची पडतात. 256 बिटांत अशी सहाच निरीक्षणे बसतील. परंतु समुद्राचे तापमान उणे 2 ते 40 अंशांच्या बाहेर जात नाही, हे दोन्ही टोकांस आधीच ठरवून ठेवता येते. मग वाचनात 2 मिळवावे व बेरजेस 100 ने गुणावे. उत्तर येते 3043. द्विमान पद्धतीत ते 0101111100011 असे केवळ 13 बिटांत मावते. त्याच जागेत अशी एकोणीस निरीक्षणे बसून वर थोडी जागा उरते.

ही उरलेली जागा व्यर्थ नव्हे. वाटेत डावीकडून दुसरा बिट बिघडून 1 चा 0 झाला, तर 3043 चे 995 होतात आणि 28.43 अंशांचे 7.95 होतात. यासाठी संदेशाच्या शेवटी पडताळ्याचा अंक जोडतात. तो जुळला नाही तर संदेश बाद ठरतो. तसेच मापकयंत्र बंद पडल्यास शून्य धाडणे घातक होय, कारण शून्याचा अर्थ उणे 2 अंश असा लागेल. तेव्हा तेराही बिट 1 ठेवून ‘निरीक्षण नाही’ असे कळवितात. जागतिक हवामान संघटनेच्या ‘बफर’ या संकेतपद्धतीतही असाच नियम आहे.

भिलाईच्या नेहरूनगरात राहणाऱ्यास समुद्र दूरचा वाटेल. तथापि छत्तीसगडावर पडणारा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतो. त्या दाबाची वार्ता वेळेवर व अचूक मिळण्यावर शेतकऱ्याची पेरणी आणि कोळ्याचा जीव अवलंबून असतो. कोष्टकातील एक चूक किंवा एक निसटलेला बिट म्हणूनच क्षुल्लक मानून चालत नाही.