आधी घोडा तपासा

निवृत्तीनंतर बोदलकशाच्या तलावाकाठी राहायला आलो, तेव्हा जुने सहकारी हसले होते: घोड्यांचा डॉक्टर तिथं काय करणार! तिरोडा तालुक्यात घोडा दिसतो तो वरातीतच. पण आमच्या विषयाचा, म्हणजे संगातून पसरणाऱ्या रोगांचा, पहिला धडा मला इथल्याच परिसरात मिळाला, तोही गाईंकडून. गावात एक सांड, त्याच्यावर सगळ्या गाई, आणि निम्म्या गाई उलटत होत्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येत होत्या. लोक गाईंना वांझ ठरवून बाजार दाखवत होते. सांड मात्र धष्टपुष्ट, म्हणून निर्दोष! पण त्याच्यात होता ट्रायकोमोनास. हा जंतू गाय बहुधा काही महिन्यांत झटकून टाकते. सांड तो वर्षानुवर्षं सांभाळतो.

घोड्यांत जुना शत्रू म्हणजे डौरीन. ट्रायपॅनोसोमा जातीचे बाकीचे बहुतेक परजीवी माशी-गोमाशीवर स्वार होऊन येतात, हा एकटा संगातून पसरतो. आधी जननेंद्रियांना सूज, मग कातडीवर रुपयाएवढे चट्टे, शेवटी मागचे पाय लुळे. त्याच्यासाठी आपल्याकडे १९१० साली स्वतंत्र कायदा झाला. संशयित जनावर प्रजननाला लावू नये, असा लेखी हुकूम देण्याचा अधिकार निरीक्षकाला मिळाला. १८९९ च्या ग्लँडर्स कायद्यासोबत तो २००९ च्या नव्या कायद्यात विरला. बाकी कायद्यांचा इतिहास कंटाळवाणा आहे, तो वगळतो.

माझा जीव अडकलाय तो १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला घोड्यांत आलेल्या साथीत. घोड्या फळवल्यावर दोन-चार दिवसांत करडा स्राव, आणि वेळेआधीच पुन्हा माजावर. वळू घोडे ठणठणीत. नेहमीच्या पद्धतीने जंतू वाढेचना. अखेर तापवलेल्या रक्ताच्या अगारवर, कार्बन डायऑक्साइडच्या भरीने तो दिसला. आज त्याचं नाव टेलोरेला इक्विजेनिटॅलिस. त्या साथीतून नियमावली जन्मली: हंगामाआधी नराच्या मूत्रमार्गाचा, त्याच्या खोबणीचा आणि शिश्नाच्या आवरणाचा स्वॅब, घोडीच्या भगशिश्नाच्या खोबणीचा स्वॅब, कोळसायुक्त माध्यमात ठेवून ४८ तासांत प्रयोगशाळेत. तोवर फळवणं बंद.

स्वॅब घेणं ही कारागिरी आहे. कापूस नुसता टेकवून आणलेला स्वॅब हमखास 'निगेटिव्ह' येतो आणि मालक खूश होतो. एका मोठ्या तबेल्यात मी असा स्वॅब पुन्हा घ्यायला लावला, तर व्यवस्थापक म्हणाले, "डॉक्टर, एवढा मोलाचा घोडा, त्याला हात लावू नका." त्या हंगामात माझं तिथं जाणं संपलं.

आमच्यातले काही विद्वान म्हणतात, कृत्रिम रेतन आलं की हा प्रश्नच मिटतो. त्यांनी २००८ चं अमेरिकेतलं केंटकी आठवावं. रेतनिर्यातीसाठी तपासताना एक घोडा याच टेलोरेलाने बाधित निघाला. माग काढता काढता जवळपास हजार घोडे, ४८ राज्यं! संसर्ग अंगाशी अंग भिडून पसरला नव्हता. रेत गोळा करण्याची साधनं, हात, न बदललेले हातमोजे पुरेसे ठरले. मूळ धागा सापडला तो दप्तरामुळे: कोणता घोडा, कोणत्या दिवशी, कोणत्या केंद्रावर.

आणि आपलं दप्तर? दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जा. नुकरा की पंचकल्याणी, देवमण आहे का, भोवरा शुभ की अशुभ, यावर लाखोंचे सौदे होतात. घोडा बाहेरच्या घोड्यांवर किती वेळा लावला, त्यातल्या किती उलटल्या, हे विचारणारा मला तिथं एकच भेटला. तोही मोतद्दार, मालक नव्हे. त्याच्या खिशात चुरगळलेली वही होती. फळवल्याची तारीख, घोडीचा रंग, पुढे 'गाभण' किंवा 'उलटली'. तिसऱ्या पानावर एकाच घोड्यापुढे ओळीने पाच वेळा 'उलटली' लिहिलेलं. मालकाला दाखवलीस का, असं विचारलं, तर त्यानं वही बंद केली आणि घोड्याला पाणी पाजायला घेऊन गेला.