स्लॅब भरण्याआधी सळयांचा नकाशा वाचा

स्वयंपाकघराचा ओटा कडाप्प्याचा करायचा की ग्रॅनाइटचा, यावर घर बांधणाऱ्या कुटुंबात महिना महिना चर्चा चालते. पण स्लॅबमध्ये सळया कशा बांधल्या आहेत, हे बघायला कुणी शिडी चढून वर जात नाही. ओटा नाही आवडला तर पुढेमागे बदलता येतो. काँक्रीटच्या पोटात गेलेली सळई मात्र पुन्हा दिसत नाही.

ती कुठे, किती आणि कशी असावी हे इंजिनिअरने एका कागदावर लिहून दिलेले असते. त्याला आर.सी.सी. ड्रॉइंग म्हणतात. त्याचे पैसे तुम्ही मोजलेले असतात. तरीही तो कागद बहुधा साइटवर सिमेंटच्या गोणीखाली सापडतो. त्याची एक प्रत घरी मागून घ्या. डिझाइन तपासणे हे तुमचे काम नव्हे. कागदावर आहे तेच जाग्यावर बांधले आहे का, एवढे मात्र कोणालाही पाहता येते. शिवणाचा किंवा विणकामाचा नमुना वाचता येणाऱ्या गृहिणीला तर हे मुळीच अवघड नाही.

आधी कागदाचा उजवीकडचा खालचा कोपरा पाहा. तिथे तारीख आणि दुरुस्तीचा क्रमांक असतो. मिस्त्रीच्या हातातला कागद जुना आणि तुमच्याकडचा नवा असेल, तर पुढचे सगळे वाचन फुकट. मापे मिलिमीटरमध्ये असतात. पट्टी लावून रेषा मोजू नका, लिहिलेला आकडाच धरा.

खुणांची भाषा

समजा, स्लॅबच्या तक्त्यात ‘८ # @ १५० सी/सी’ असे लिहिले आहे. याचा अर्थ ८ मिलिमीटर जाडीची पीळदार सळई, एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १५० मिलिमीटर अंतर. (काही इंजिनिअर # ऐवजी दुसरी खूण वापरतात. खुणांचा खुलासा कागदाच्या कडेला असतो.) तीन मीटरच्या खोलीत अशा २१ सळया मोजून यायला हव्यात. सोळाच भरल्या तर समजा, अंतर २०० झाले आहे आणि पाच सळया गायब आहेत.

बीमपाशी ‘३-१६ #’ दिसले तर ते तीन ते सोळा नव्हे, १६ मिलिमीटरच्या तीन सळया. इथे १२ ची सळई लावली तर ‘थोडीशीच बारीक आहे’ असे सांगितले जाते. पण सळईची ताकद जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने चालते. १६ ऐवजी १२ घातली की शंभरातले ४४ हिस्से लोखंड कमी झाले.

बीमच्या आकृतीशेजारी एक चौकट आणि तिच्यात ठिपके असतात. तो बीमचा छेद. अळूवडीचा उंडा कापल्यावर चकतीत पदर दिसतात, तसे बीम आडवा कापला तर सळयांची टोके दिसतील, तेच हे ठिपके. खाली किती, वर किती, हे इथे चटकन कळते. कॉलमच्या छेदात आणखी एक गोष्ट पाहा: २३० बाय ४५० च्या कॉलमची लांब बाजू कोणत्या दिशेला आहे? ती फिरली तर कॉलमची त्या दिशेची ताकदच बदलते.

सळई वर की खाली?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब भाराने मध्ये खाली वाकतो. त्याचा ताण तळाला येतो, म्हणून तिथे मुख्य सळई तळाला आणि बहुधा खोलीच्या आखूड बाजूने. गॅलरीचे उलट. ती एकाच बाजूला धरलेली आणि पुढे लोंबती असल्याने तिचा ताण वरच्या अंगाला येतो. म्हणून तिची मुख्य सळई वर हवी आणि ती मागे खोलीच्या स्लॅबमध्ये गॅलरीच्या रुंदीएवढी, बहुतेकदा दीडपट लांब गेलेली हवी. नेमके माप नकाशात असते, ते टेपने मोजा.

फिटरने ती वर बांधली तरी काम संपत नाही. घमेली घेऊन माणसे त्याच सळयांवरून ये-जा करतात आणि त्या दबून खाली बसतात. सव्वाशे मिलिमीटरच्या गॅलरीत सळई पाच सेंटिमीटर खाली गेली की ताकद जवळपास निम्मी उरते. म्हणून सळईखाली लोखंडी ‘खुर्च्या’ लावलेल्या असतात. त्या मोजा, आणि चालण्यासाठी फळ्या टाकायला सांगा.

सळई आणि सेंटरिंगची फळी यांच्यामधल्या फटीला कव्हर म्हणतात. साधारण कोरड्या हवेत स्लॅबला २०, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिलिमीटर असे आकडे नकाशात दिसतील. समुद्रकाठी ते वाढतात. ही फट ठेवायला सिमेंटचे ठोकळेच हवेत. खडीचा तुकडा सरकवून भागवणे हा आळस आहे, आणि पुढे गंजलेल्या सळईने पोपडे पडतात तेव्हा तो उघडा पडतो.

आता रिंगा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये होते. तिथून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्येही अनेक बहुमजली काँक्रीट इमारती कोसळल्या. पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांना ज्या उणिवा दिसल्या, त्यांत पार्किंगसाठी मोकळा ठेवलेला तळमजला होता, तसेच कॉलममधल्या विरळ रिंगा आणि नुसती काटकोनात वाकवलेली त्यांची टोके होती. अशी टोके भूकंपात उघडतात. त्यामुळे रिंगेची टोके १३५ अंशांत आत वळवून सहा-सात सेंटिमीटर कॉलमच्या पोटात शिरलेली हवीत. बीममध्ये ‘१००/१५०’ लिहिले असेल तर कॉलमजवळ रिंगा दाट आणि मध्ये विरळ. सगळीकडे सारख्याच बांधल्या असतील तर विचारा.

विचारताना एक उत्तर हमखास मिळते: ‘‘वहिनी, पंचवीस वर्षं हेच करतोय आम्ही!’’ त्यावर वाद घालू नका. ‘‘दादा, तुमचं काम चांगलंच आहे, पण साहेब येऊन बघेपर्यंत माल कालवू नका,’’ एवढे शांतपणे सांगा. मात्र हे ऐन भरणीच्या सकाळी नको. तेव्हा मिक्सर येऊन उभा असतो, मजुरांची रोजी चालू झालेली असते आणि ‘नाही’ म्हणायची हिंमत होत नाही. पाहणी आदल्या दुपारी ठेवा. इंजिनिअरची सही नकाशावरच घ्या आणि प्रत्येक खोलीच्या, गॅलरीच्या सळयांवर टेप ठेवून फोटो काढा. पुढे कधी पंख्याच्या हुकासाठी किंवा पाइपसाठी स्लॅबला भोक पाडायची वेळ आली, तर सळई कुठून गेली आहे हे त्या फोटोंवरूनच कळेल.